बिनवाघाची गोष्ट

"दफ्तरात नाही म्हंजे नाही!" सुधाकररावांनी चहाच्या बाकड्यावर थाप मारली. "दोन महिने निजामाच्या वक्ताचे पहाणीचे कागद चाळले. विहीर हाये, चिंच हाये, चिंचेवरचा महसूल बी हाये. तुमचा रांजणबाबा कुठीच नाही."

सुधाकरराव तहसिलीतून पेन्शनीवर आलेले. उर्दू वाचतात, आणि कागदावर नाही तो माणूस जन्मलाच नाही असं मानतात.

"राव, वाघ अन् शेळी बाबाच्या रांजणात एका टायमाले पाणी पेत होते," मी म्हणालो. "वाघाची मिशी पाण्यात पडलेली माह्या आज्यानं पाह्यली."

"तुमचा आजा ह्या मावला गावचा होता का, महिपतराव?"

इथे मी चहाचा घोट घेतला.

रांजणबाबाचा पंथ म्हणजे मावल्यातली दहा-बारा घरं. बाबानं घालून दिलेले नियम दोनच. रस्त्याकडेचा रांजण कोरडा पडू द्यायचा नाही. आणि पिणाऱ्याला नाव-गाव विचारायचं नाही. तो पीत असला की पाठ फिरवून उभं राहायचं, म्हणजे तहानलेल्याला ओशाळं वाटत नाही. बाकी सगळं, वाघासकट, गेली पन्नास वर्षं मीच पुरवत आलो.

बाजूला मेथीच्या जुड्या मांडून बसलेली सोनाबाई हे ऐकत होती. लग्न होऊन आली त्या दिवसापासून रोज पाच घागरी त्या रांजणात तीच ओतते. तिनं टोपली उचलली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रांजण पालथा होता.

मी धावलो, म्हणजे या वयात जेवढं धावता येतं तेवढं. सुधाकरराव फिरायला निघालेले, तेही थबकले. सोनाबाई उंबऱ्यावर बसून होती.

"वहिनी, रांजण पालथा काऊन?"

"गुडघे दुखून राह्यले, भाऊ." मग म्हणाली, "ज्याच्या नावानं भरला तो नव्हताच, तर कोणासाठी भरू? तुमी सांगा. खरं सांगा. होता का बाबा?"

जिभेवर वाघ तयार होता. शेपटीपर्यंत आला होता. मी तो गिळला.

"माहीत नाही, वहिनी," मी म्हणालो. "मी बेल्लमपल्लीले कोळशाच्या खाणीत कामाले गेलतो. तिथं तापानं धरलं. माह्या गावाकडे निघालो, तर लॉरीवाल्यानं गुडीहत्नूरले उतरवलं, तिथून पायी. ह्या रांजणापाशी येऊन पडलो. तुमची सासू, राहीबाई, तिनं तोंडाले पेला लावला अन् पाठ फिरवली. तिचं तोंड मी मंग पाह्यलं. पह्यले पाठ पाह्यली. हिरवं लुगडं, खांद्यावर ठिगळ. आठ दिवस तिच्या घरची भाकर खाल्ली. तिनं नाव इचारलं नाही. मीच सांगितलं, आठव्या दिवशी. मंग गेलोच नाही कुठी."

सोनाबाईनं माझ्याकडे पाहिलं.

"ह्या गोष्टीत वाघ कसा नाही आला?"

"नव्हता, वहिनी."

सुधाकरराव हसले नाहीत.

सोनाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. "राव," ती म्हणाली, "नाव इचारू नका असं ज्यानं शिकवलं, त्याचं नाव कोणी इचारलं असंल? तुमच्या कागदात ते कुठून सापडंल?"

"ही दलील झाली, सोनाबाई. सबूत नाही."

"असू द्या. सासूले हे कोणीतरी शिकवलंच असंल ना?"

तिनं रांजण सरळ केला, धुतला, त्यावर लाल फडकं टाकलं. पहिली घागर मी उचलली. दुसरी सुधाकररावांनी, आणि पुढच्याही. माणूस हिशोबी, पाच म्हणजे पाच.

शेवटच्या घागरीला त्यांना धाप लागली. घाम पुसत त्यांनी फडकं बाजूला सारलं आणि पेला बुडवला.

सोनाबाईला सुधाकररावांच्या पणज्यापर्यंतची नावं पाठ आहेत. तरी ती वळली. रस्त्याकडे तोंड करून, पदर सावरून उभी राहिली.

ते सावकाश प्यायले. पेला जागेवर ठेवला. मग त्या पाठीला त्यांनी हात जोडले.

तिला दिसलं नाही. मी पाहिलं. आणि यात वाघ घातलेला नाही.