आवक टेबलाची अक्षरं

एकूण एकशे बारा स्क्रीन. कंपनीच्या संगणकांवरच्या स्क्रीन बनवणाऱ्या ताईने सकाळी बसून मोजल्या. एकशे अकरांवर अक्षरं एका मापाची आणि एकीवर दुप्पट. ती स्क्रीन गोदामात आलेल्या मालाची नोंद करणाऱ्या म्हाताऱ्या कारकुनाची, ज्यांना सगळे मामा म्हणत. मामांना कमी दिसू लागलं तेव्हा ताईने ती हाताने मोठी केली होती, कुणाला न सांगता. ज्याच्या चुका वाढतात त्याला साहेब टेबलावरून उठवून फाटकावर बसवतात, हे तिला माहीत होतं.

आता स्क्रीन हाताने करायच्या नव्हत्या. नोंदीत कोणते रकाने, कोणाला काय दिसावं, हे मॉडेलमध्ये, म्हणजे सगळ्या स्क्रीनच्या एका मूळ आराखड्यात, एकदा लिहायचं. स्क्रीन त्यातून आपोआप तयार होणार. झाल्याही. मामांची इतरांसारखीच बारीक.

ताईने ती परत हाताने मोठी केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा बारीक. रोज संध्याकाळी मॉडेलमधून सगळ्या स्क्रीन नव्याने तयार होत आणि हाताने केलेलं पुसलं जाई. आठवडाभर पालथ्या घड्यावर पाणी ओतून ती गोदामात गेली.

"मामा, हे आता मॉडेलमध्येच लिहावं लागेल. तुमच्या नावापुढे, दृष्टी कमी म्हणून."

मामांनी नाकाला लावलेली पावती खाली घेतली. "ते वाचतं कोण?"

"साहेब."

"मग फाटकाची किल्लीच दे की हातात."

"तिथे वारा छान लागतो, मामा," शेजारचा कारकून म्हणाला.

"तू जा खायला." मामा ताईकडे वळले. "पोरी, डोळे माझे आहेत. टेबल तर कंपनीचं ना? टेबलाचं लिही."

तिने तसं लिहिलं : आवक टेबल, अक्षर दुप्पट. त्या टेबलावरच्या तिघांचीही अक्षरं मोठी झाली.

"बालवाडीत बसवलंस की गं ताई," शेजारचा कुरकुरला. "शेवटचा रकाना गाठायला केवढं खाली जावं लागतं."

साहेबांच्या नजरेतून ती ओळ सुटली नाही. "इथेच एवढी मोठी अक्षरं कशाला?"

"पावती बघत बघत टाइप करतात, साहेब. नजर सारखी वरखाली होते."

"महिनाभर ठेव. मग चुका मोजू, टेबलाच्या आणि माणसागणिक."

महिनाअखेरीस मोजल्या. आधीच्या महिन्यात तिघांच्या मिळून चौदा होत्या, त्यांतल्या मामांच्या आठ. या महिन्यात नऊ. त्यांतल्या मामांच्या तीन.