तुझी काठी मोडो

नारेव नदीवर गळ टाकायला निघालेल्या माणसाला कुणी "भरपूर मासे मिळोत" म्हणालं, तर तो वाटेतूनच माघारी फिरेल. आमच्याकडे म्हणायचं, "तुझी काठी मोडो!" म्हणजे असा दांडगा मासा लागो की गळाची काठी त्याच्यापुढे टिकू नये. आणि ज्याला म्हटलं त्याने गप्प बसायचं. खोका, मान हलवा, हवं तर थुंका, पण "धन्यवाद" म्हणायचं नाही. धन्यवाद म्हणणाऱ्याचं पोतं रिकामं परत येतं. हे आमच्या धर्मगुरूंनाही माहीत आहे, आणि तेही पाळतात.

ऑक्टोबरातल्या त्या रविवारी धक्क्यावर मासेमारीच्या स्पर्धेच्या चिठ्ठ्या निघाल्या. दर होडीत दोघं, एकाने दुसऱ्यावर लक्ष ठेवायचं, म्हणजे लबाडीला जागा नको. बारा होड्या, चोवीस माणसं, आणि अपोलोनियाच्या नशिबी जोडीदार आला तो नेमका वालेंती!

"देवा रे, मी असं काय पाप केलं होतं?" ती मोठ्यानेच म्हणाली.

"मीही तेच विचारणार होतो," वालेंती म्हणाला.

लोक हसले. हसणारच. दोघं लहानपणी शाळेत एका बाकावर बसलेली, आता दोघांनी साठी ओलांडलेली, आणि गेलं वर्षभर एकमेकांचं तोंड पाहत नव्हती. भांडण कशावरून, तर पाइक माशावरून.

पाइक म्हणजे लांब चपटा जबडा, हिरवं अंग आणि अंगभर फिकट पिवळे ठिपके. समोर येईल ते गिळणारा मासा. वालेंतीचं म्हणणं, म्हातारे पाइक म्हणजे दरोडेखोर, नदीतले बाकीचे मासे तेच फस्त करतात. मार्चमध्ये नदी कुरणात शिरते आणि पाइकच्या माद्या उथळ पाण्यात अंडी घालायला येतात, तेव्हा जाळी लावा आणि मोठ्या तेवढ्या सगळ्या काढून टाका. अपोलोनिया यावर नुसती पेटून उठायची. "अरे अकलेच्या कांद्या, त्या मोठ्या माद्यांच्या पोटातल्या अंड्यांवर तर ही नदी चाललीय! ऐंशी सेंटिमीटरच्या वरचा प्रत्येक पाइक परत पाण्यात सोडायचा, असा नियम करा."

दोन्ही ठराव त्याच दुपारी, स्पर्धा संपल्यावर, मासेमार मंडळाच्या सभेत मताला यायचे होते. वालेंतीचा पास होणार हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. म्हणजे पाच महिन्यांनी कुरणात जाळी लागणार होती.

तिचं कुणी ऐकत नव्हतं त्याला कारण होतं एक फोटो. तीन वर्षांपूर्वी ती एकटीच नदीवर असताना तिला सत्त्याण्णव सेंटिमीटरची मादी लागली होती. तिने ती मोजली, ओल्या गवतावर ठेवून फोटो काढला आणि पाण्यात सोडून दिली. गेल्या वर्षीच्या सभेत तिने हे मोठ्या अभिमानाने सांगितलं, तर वालेंती उठून उभा राहिला. "फोटोवरून एवढंच कळतं की मासा धरला. सोडला कशावरून? आणि सोडला असला तरी जगला कशावरून? एवढ्या मोठ्या माशाला एकदा गळ लागला की तो दोन दिवसांत मरतो. पोला, तुझा मासा एकतर तुझ्या तव्यावर गेला, नाहीतर चिखलात कुजला."

सभा खो खो हसली. तेव्हापासून बेकरीवाला तिला विचारायचा, "पोलाबाई, पाव सत्त्याण्णव सेंटिमीटरचा देऊ का?" एकतीस वर्षं तिने गावच्या पोस्टात पत्रं लावली होती. कुणाचं पाकीट फोडलं नाही, कुणाचं गुपित इकडचं तिकडे केलं नाही. आणि आता म्हातारपणी खोटारडी ठरली! ते हसणं तिला अजून झोंबत होतं.

मंडळाचा अध्यक्ष सिल्वेस्तर शिट्टी तोंडात धरून उभा राहिला. निघण्याआधी जोडीदाराने जोडीदाराला ते वाक्य म्हणायचं, ही रीत. अपोलोनियाने दात आवळून म्हटलं, "वालेंती, तुझी काठी मोडो."

वालेंतीने टोपी काढली, कमरेत वाकला, आणि मधाळ आवाजात म्हणाला, "धन्यवाद, बाईसाहेब!"

 कुणीतरी छातीवर क्रूस काढला. सिल्वेस्तरच्या तोंडातली शिट्टी खाली पडली. "अरे मेल्या, काय बोलून बसलास!"

"मी घड्याळजी आहे," वालेंती म्हणाला. "असल्या भाकडकथा मला सांगू नका." पण होडीत बसला तेव्हा त्याचे कान लालबुंद झाले होते.

धुकं निवळायला दहा वाजले. अपोलोनियाला दोन पाइक मिळाले, दोन्ही मध्यम. वालेंतीला काडी नाही, कचरा नाही. तो चकाकत्या पत्र्याचं आमिष लव्हाळ्यांच्या कडेने फेकत होता आणि पुन्हा गुंडाळत होता.

"खारवलेली काकडी देऊ?" तिने विचारलं. "रिकाम्या पोत्यात तेवढंच काहीतरी पडेल."

"गप्प बैस."

"धन्यवाद म्हण की. सकाळी कसा तोंडातून मध गळत होता!"

"पोला, तुझ्या बडबडीने मासे पळतात."

बारा वाजायला आले होते. पडलेल्या विलोच्या झाडापाशी त्याने आमिष टाकलं आणि पाणी खालून फुगून आलं. काठी वाकली, पार पाण्याला टेकली, आणि काडकन मधोमध मोडली! वालेंती अर्ध्या काठीकडे बघतच राहिला. मग भानावर आला, दोरी बाहीवर गुंडाळली आणि ओरडला, "पोला, जाळी! पोला, जाळी घे!"

तिने जाळी उचलली. मासा होडीजवळ आला, आडवा झाला. केवढी मादी! अपोलोनियाच्या मनात आलं, जाळी जरा उशिरा बुडवली तर? एक झटका बसेल, दोरी तुटेल, मासा जाईल. वालेंतीला करंडक मिळणार नाही आणि कुणाला काही कळणारही नाही. अकरा वर्षं तो त्या करंडकामागे होता. पण अशी लबाडी करून परत धक्क्यावर कुठल्या तोंडाने उतरायचं? "तुझं वाटोळं होवो, वालेंती," असं पुटपुटत तिने जाळी वेळेवर बुडवली आणि मासा जाळीत घेतला.

वालेंतीने फळीखालून लाकडी दांडका काढला. मासा मारायचा, बापाच्या वेळचा. "चल, वर घे."

ती जाळीत वाकून बघत होती. माशाच्या डाव्या कुशीवर, कल्ल्याच्या मागे, तीन ठिपके एकमेकांत मिसळून कोयत्यासारखे वळले होते. त्याच्या खाली एक ठिपका मधोमध दुभंगलेला. पाकिटावरचं एक अक्षर दिसलं की लिहिणारा कोण ते ओळखणारी बाई ती. 

"वालेंती, दांडका खाली ठेव."

"का? कीव आली?"

"ठेव म्हणते ना! मासा पाण्यातच राहू दे." तिने परवान्याच्या पाकिटातून तो फोटो काढला आणि त्याच्या नाकासमोर धरला. "दोन पाइकांचे ठिपके कधी सारखे नसतात. गावभरच्या घड्याळांतल्या चाकांचे दाते मोजतोस ना? मग आता हे मोज."

वालेंतीने गळ्यातलं भिंग डोळ्याला लावलं. एकदा फोटो, एकदा मासा. "कोयता... त्याखाली फुटका... मग दोन, मग एक, मग वरच्या रांगेत चार..." तो फरक शोधत होता. जीव तोडून शोधत होता. शेपटीपर्यंत गेला, परत कल्ल्यापर्यंत आला. शेवटी भिंग उतरवलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"मोजपट्टी लाव," तो म्हणाला.

ओल्या रेनकोटवर मासा क्षणभर ठेवला, मोजला आणि लगेच परत जाळीसकट पाण्यात. एकशे आठ.

"तीन वर्षं," वालेंती हळूच म्हणाला. "तू खरंच सोडली होतीस. आणि ही जिवंत आहे. अगं, अकरा सेंटिमीटर वाढलीय ही!"

या घटकेसाठी अपोलोनियाने वर्षभर एकाहून एक टोमणे तयार ठेवले होते. त्यातला एकही आठवेना. ती रडत होती आणि हसतही होती, आणि नाक बाहीला पुसत होती. एवढा आनंद तिला पहिल्या पगारालाही झाला नव्हता.

"आता धक्क्यावर जाऊन सांग सगळ्यांना," ती म्हणाली.

"नुसतं सांगितलं तर मलाही खोटारडा म्हणून तव्यावर घालतील. आणि सभेपर्यंत हिला अशी अडकवून ठेवली तर खरंच मरेल." वालेंतीने खिशातली शिट्टी काढली आणि तीनदा फुंकली.

तीन शिट्ट्या म्हणजे माणूस पाण्यात पडला. नदीभरच्या होड्या जिवाच्या आकांताने वल्ही मारत आल्या. "कोण पडलं? कोण पडलं?" सिल्वेस्तर लांबूनच ओरडत होता.

"मी पडलो, तोंडावर!" वालेंती म्हणाला. दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात, जाळीतल्या माशाला तोलून धरलेले. "या, जवळ या सगळे. गेल्या वर्षी मी पोलाला खोटारडी म्हणालो. तिचं खोटं बघा केवढं वाढलंय!"

फोटो हातोहात बारा होड्यांतून फिरला. माणसं होडीच्या कडेवरून ओणवी होऊन बघत होती, बोटांनी ठिपके मोजत होती. बेकरीवाल्याने दोनदा मोजले, मग टोपी काढून म्हणाला, "पोलाबाई, मी गाढव आहे."

"ते मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "मोजायची गरज नव्हती."

सिल्वेस्तरने घसा साफ केला. "वालेंती, नीट विचार कर. मासा पोत्यात घालून वजन केलंस तर करंडक तुझा. इथे सोडलास तर तुझ्या नावावर काही नाही."

"नियम मला पाठ आहेत. मी माझा ठराव मागे घेतो. पोलाचा इथेच मताला घे, या मादीच्या समोर."

अशी सभा आमच्या नदीवर पूर्वी कधी झाली नव्हती. सिल्वेस्तर होडीत उभा राहिला. "ऐंशीच्या वरचा प्रत्येक पाइक पाण्यात परत. ज्याला मान्य असेल त्याने आपलं वल्हं वर करावं."

"माझे हात अडकलेत," वालेंती म्हणाला. "पोला, माझंही तूच उचल."

अपोलोनियाने दोन्ही हातांत दोन वल्ही उभी धरली. पाणी बाह्यांतून काखेपर्यंत गेलं, दंड भरून आले, पण तिने ती खाली केली नाहीत. बेकरीवाल्याचं वल्हं वर गेलं. मग त्याच्या शेजारच्याचं. मग इकडून चार, तिकडून तीन. तेरा पुरे होती. सिल्वेस्तरने मोजली तेव्हा एकवीस वल्ही आभाळाकडे उभी होती.

वालेंतीने जाळी तिरकी केली. मादी क्षणभर तशीच राहिली, कल्ले उघडले, मिटले. मग शेपटीचा असा तडाखा दिला की वालेंती चष्म्यासकट चिंब भिजला, आणि ती गेली. नदीवर जो जल्लोष झाला तो म्हणे चर्चपर्यंत ऐकू आला.

दुपारी धक्क्यावर शेकोटी पेटली, सॉसेज भाजायला लागली, आणि एकेकाचं पोतं वजनकाट्याला लागलं. करंडक तिसऱ्याच कुणाला तरी गेला. वालेंतीची पाळी आली तेव्हा त्याने पोतं उलटं करून झटकलं. त्यातून लव्हाळ्याची एक काडी पडली.

"बघा, बघा!" लोक ओरडले. "सकाळी धन्यवाद म्हणाला होता!"

वालेंती हसला. तशा ओल्या कपड्यांतच अपोलोनियासमोर येऊन उभा राहिला आणि टोपी काढली. या वेळी तो वाकला नाही, आणि आवाजात मधही नव्हता.

"धन्यवाद, पोला," तो म्हणाला. या वेळी कुणी छातीवर क्रूस काढला नाही.