हळद लावलेलं पाऊल

मित्रांनो, क्षणभर कल्पना करा, की तुम्ही एक चिमटा आहात. तुमच्या पोटात तांबडा दिवा आहे आणि बाळांच्या रक्तात प्राणवायू किती, हे सांगणं तुमचं काम आहे.

मी तसाच एक जुना ऑक्सिमीटर आहे. सामोआतल्या सावाई बेटावर, एका लहानशा दवाखान्यात राहतो. कारखान्यातून आलो तेव्हा सगळे कौतुकाने बघायला जमले होते. आता माझ्या वायरीला चिकटपट्ट्या आहेत. स्वभावाने मी संशयी. गुटगुटीत बाळ दिसलं तरी म्हणतो, आधी तपासू.

त्या सकाळी तौलागी आजी कालच जन्मलेला नातू घेऊन आल्या. सोबत थोरली नात सिलिवा. रीतीप्रमाणे बाळाला खोबरेल तेल आणि हळद चोपडलेली होती. ते सोन्यासारखं दिसत होतं, पण दूध पिताना दमत होतं. परिचारिका फुआतिनोने मला त्याच्या पायाला लावलं. आकडा शंभराच्या जवळ हवा, तो ऐंशीच्या खाली घसरला.

"तेलामुळे असेल," ती पुटपुटली. मला पुसून पुन्हा लावलं. आकडा तोच.

"म्हातारं झालंय ते," आजी म्हणाल्या. "पट्ट्या बघ त्याच्या!"

"मग तुमच्या बोटाला लावू?"

"लाव की. माझ्याहून तरी तरुणच आहे!"

आजींचा आकडा चोख आला. आता फुआतिनोने ओल्या फडक्याने बाळाचं पाऊल चोळून पुसलं. हळदीखाली कातडी निळसर होती.

"आजी, याच्या हृदयात जन्मापासूनच दोष असावा. आजच बोटीने पलीकडच्या बेटावर, आपियाच्या मोठ्या इस्पितळात न्यायला हवं. तिथलं औषध मिळालं, तर शस्त्रक्रियेपर्यंत तग धरेल."

"एका दिवसाचं पोर समुद्रावर? छे! तुझ्या फडक्याचाच रंग लागला असेल."

मित्रांनो, संशय घेणं वाईट नाही, पण तो तपासून पाहावा. आणि जुनं यंत्र फेकण्याआधी त्याला स्वच्छ पुसून एकदा विचारावं.

सिलिवा माझ्याकडे संशयाने बघत होती, फुआतिनोकडेही. तिने बाळाचं दुसरं पाऊल उचललं, आपल्या झग्याच्या टोकाने पुसलं आणि निरखून पाहिलं.

"आजी, मी फडकं नाही वापरलं. हेही निळंच आहे."

आजींनी बाळाला उचलून छातीशी धरलं. सिलिवा मात्र थांबली नाही. धावत रस्त्यावर गेली आणि बोटीच्या धक्क्याकडे निघालेल्या बससमोर दोन्ही हात पसरून उभी राहिली.