कीथची पट्टी

"लय कोण वाढवतंय? हात वर करा!" ग्लेनिस ओरडली.

कुणीच हात वर केला नाही. लय वाढतच गेली. शेवटी कळलं, नेव्हिलच्या मागच्या खिशात फोन होता, फोनवर आमचं पान उघडं होतं, आणि नेव्हिल बसल्या जागी संगीत देत होता.

"वर्षभरातलं तुझं सगळ्यात चांगलं काम," मारिका म्हणाली.

आवाज सभागृहातल्या संगणकातून निघायचा. बाकीच्यांनी कुठूनही ब्राउझर उघडायचा आणि पानावरची आपल्या वाद्याची पट्टी बोटाने सरकवायची. मी क्वॉर्न गावच्या वाचनालयात कामाला, वय चोवीस, म्हणून यातला तज्ज्ञ. प्रत्यक्षात सगळं चौऱ्याहत्तर वर्षांच्या ग्लेनिसने जोडलं. मी पासवर्ड वाचून दाखवला.

खटाटोप कीथसाठी होता. ग्लेनिस, मारिका आणि नेव्हिलच्या जुन्या बँडमध्ये तो बेस गिटार वाजवायचा. कंपवातामुळे दोन वर्षांपूर्वी गिटार सुटली आणि तो ॲडलेडच्या वृद्धाश्रमात गेला. "एकदाच बघतो," त्याने बजावलं होतं. "नाही जमलं तर परत विचारायचं नाही."

तीन वाजता त्याची पट्टी पडद्यावर आली. थरथरत. तिच्याबरोबर बेसही थरथरला, जुना फ्रीज चालू होतो तसा.

"माझ्यामुळे बिघडतंय रे," फोनच्या स्पीकरवर कीथ म्हणाला. "ठेवतो मी."

"थरथर गाळायची सोय आहे," मी म्हणालो. "एक टिचकी मारली की झालं."

"मारून बघ. बोट मोडीन." ग्लेनिस फोनकडे वळली. "कीथ, तू वाजव. बाकीच्यांनी त्याच्या मागून चला."

"मागून? पण हा चाललाय कुठे?" नेव्हिलने विचारलं.

"गेल्यावर कळेल."

गेले. मारिकाने ढोलाचे ठोके हलके केले, नेव्हिलने शिट्टीसारखा सूर खाली आणला. चौथ्या फेरीला ती थरथर गाण्याचीच वाटायला लागली. 

मग कीथ वैतागून म्हणाला, "तो नेव्हिल पुढे पळतोय. कायमचंच आहे त्याचं."

ग्लेनिसने नाक शिंकरलं.

पाच वाजता लॅमिंग्टन केक संपवून, कप विसळून बाकीचे घरी गेले. कीथने फोन केव्हाच ठेवला होता, पण पडद्यावर त्याची पट्टी अजून हलत होती. मी संगणकाच्या बटणाकडे हात नेला. ग्लेनिसने मनगट धरलं.

"पंधरा वर्षं टेलिफोन एक्सचेंजला काढलीत मी. माणूस लाइनवर असताना तोडायची नसते."

तिने खुर्ची ओढली, पर्स मांडीवर घेतली आणि रिकाम्या सभागृहात ऐकत बसली.