पायाळू सुनेची लाथ

शेणाची पाटी उचलता उचलता झुंबरबाईच्या कमरेत उसण भरली आणि ती गोठ्यातच वाकडी झाली. दवाखान्याचं नाव काही काढू देईना. तेव्हा सून सुकन्या म्हणाली, "मी पायाळू हाय, आत्याबाई. पायाकडून जन्मलेल्याची लाथ बसली की उसण निघती म्हणत्यात ना?"

सुनेची लाथ, अन् सासूला! झुंबरबाई हबकलीच. पण कळ थांबेना. शेवटी दार लावून ती पालथी पडली. सून नुसता पाय टेकवेल असं तिला वाटलं होतं. लाथ चांगली जोरात बसली.

"आता पथ्य पाळायचं," सुकन्यानं बजावलं. "पाटी उचलायची न्हाई, लांब दांड्याच्या झाडूनं झाडायचं. निजून ऱ्हायचं न्हाई, रोज बांधापर्यंत चालून यायचं. मोडलं तर उसण दुप्पट!"

भीतीपोटी झुंबरबाईनं सगळं पाळलं आणि पंधरवड्यात ती ताठ चालायला लागली. राहात्याहून विहीणबाई आल्या तेव्हा ती कौतुकानं म्हणाली, "तुमची लेक पायाळू, म्हणून वाचले!"

"सुकन्या? छे! पायाळू तर आमची धाकटी."

झुंबरबाईच्या हातातली कपबशी पडून खळकन फुटली. "सुकन्ये! पायाळू न्हाईस व्हय तू?"

"न्हाई. पथ्य नुसतं सांगितलं असतं, तर ऐकलं असतं का तुमी?"

"आन् ती लाथ?"

"ती खरी हुती, आत्याबाई."