बावीस जणांचा उशीर

मित्रांनो, मी एक जुनी पिवळी गाडी आहे. पिवळी म्हणायचे ते सवयीने. रंग आता इतका उडाला आहे, की नवीन मुले मला पांढरी समजतात. शाळेच्या मागच्या भिंतीला टेकून मी उभी आहे. इंजिन काढून नेले, चाके काढून नेली, चार विटांच्या थरांवर माझे बूड टेकवले. पण एके काळी मी रोज बावीस मुलांना शाळेत नेत-आणत असे, आणि त्या काळातली एक हकिकत तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा सांगाडा कारखान्यातून आला, पण अंग बांधले एका वेल्डरने. तो फार बोलत नसे. कामाच्या वेळी त्याच्या तोंडात स्क्रू धरलेले असत, त्यामुळे बोलणे शक्यही नव्हते. बावीस आसने बसवून झाल्यावर त्याने प्रत्येकावर स्वतः बसून पाहिले. उंच माणूस! दर वेळी त्याचे गुडघे पुढच्या आसनाला आपटले. शेवटी तोंडातले स्क्रू काढून तो म्हणाला, "पोरांचे नाही लागणार." एवढीच मला मिळालेली पहिली शाबासकी. दाराच्या बाबतीत मात्र त्याच्या हातून एक चूक झाली. वरची बिजागरी बोटभर पुढे बसली. त्यामुळे माझे दार जन्मापासून हट्टी. कधी लोण्यासारखे अलगद उघडायचे, कधी चार माणसांनी ओढले तरी हलत नसे.

पहिली काही वर्षे माझे कोण कौतुक! खिडकीच्या जागेसाठी मुलांची भांडणे होत. दर शनिवारी मला धूत. मला चालवणाऱ्या काकांना मुले घड्याळकाका म्हणत. घड्याळ ते मनगटाच्या आतल्या बाजूला बांधत आणि प्रत्येक थांब्यावर हात उलटा करून बघत. थांब्यावर एक मिनिट. दीड नाही, दोन तर नाहीच. अकरा वर्षांत आम्ही शाळेत एकदाही उशिरा पोहोचलो नव्हतो, आणि या गोष्टीचा त्यांना जितका अभिमान होता तितकाच, खरे सांगते, मलाही होता.

मग मी जुनी झाले. आसनांमधला स्पंज मुलांनी बोटे घालून घालून उपसला. धुण्याचा शनिवार महिन्यावर गेला. "खटारा आली रे," असे मुले माझ्या तोंडावर म्हणू लागली. गाडीला तोंड असते, कानही असतात, पण सांगणार कुणाला?

अशा दिवसांत, अर्धे वर्ष सरल्यावर, ती आली.

तिचा थांबा सर्वांत लांबचा. गावाला पाणी पुरवणारे पंपघर आहे ना, तिथला. तिचे आजोबा तिथे पंप चालवत. तिची आई परिचारिका होती आणि तिच्या नेमणुका सतत बदलत. या वेळी मुलीला आजोबांकडे ठेवून ती पुढे गेली होती. मुलगी तेरा वर्षांची, आठवीतली. पहिल्या दिवशी ती चढली तेव्हा आठवीतल्याच एका मुलाने तिला विचारले, "नवीन का?"

"हो. पण मी इथं थोडेच दिवस आहे," ती म्हणाली.

"म्हणजे पाहुणी!" तो ओरडला. गाडीभर हशा पिकला आणि नाव चिकटले. या मुलाला सगळे वकील म्हणत. सूर्य पूर्वेला उगवतो म्हटले तरी तो वाद घालायचा.

पाहुणी मागच्या बाजूला, स्टेपनीशेजारच्या एकट्या आसनावर बसू लागली. ती जागा कुणालाच नको असायची. दप्तर ती पाठीवरून काढायचीच नाही. आसनाच्या कडेला टेकून, दप्तरासकट, उतरायच्या तयारीत बसायची. सकाळी सगळ्यांच्या आधी चढायची, संध्याकाळी सगळ्यांच्या नंतर उतरायची, आणि मधल्या वेळात तिचा आवाज म्हणून कानावर पडत नसे. चाचणीचे पेपर मिळाले की घडी घालून दप्तराच्या तळाशी. गुण काय असतील ते त्या घडीवरूनच कळायचे.

एके दिवशी शाळेच्या फाटकापाशी माझे दार अडले. मुलांना उतरवणाऱ्या मावशींनी ओढले, काकांनी ओढले, वकिलाने लाथ मारली. आत पहिलीतली भिंगरी रडायला लागली. एका जागी कधी न ठरणारी मुलगी ती, कोंडून घातल्यावर तिला कसे सोसवणार? गर्दीतून वाट काढत पाहुणी पुढे आली. वाकून बिजागरीकडे पाहिले. दांडा जरासा वर उचलला, गुडघ्याने खालचा पत्रा दाबला, आणि दार मुकाट्याने उघडले.

"कुठं शिकलीस गं हे?" काकांनी विचारले.

"आजोबा म्हणतात, जोर लावायच्या आधी कुठं अडलंय ते बघावं."

दुसऱ्या दिवशी तिने पंपघरातून रबराची एक चकती आणली आणि बिजागरीत बसवली. दार पूर्ण शहाणे झाले नाही, पण तिचे ऐकू लागले. तेवढ्यात मावशींचा गुडघा दुखावला आणि त्या रजेवर गेल्या. काका म्हणाले, "पोरी, दार तू बघशील?" तिने मान डोलावली आणि मावशींच्या जागेवर येऊन बसली. त्या जागेवर दप्तर पाठीला लावून बसताच येत नाही. तिने ते काढून मांडीवर घेतले. मित्रांनो, त्या दिवशी माझे वजन तेवढेच होते, तरी मला हलके वाटले.

मग तिला सगळे माहीत झाले. कोणाचा थांबा कुठे, कोणाची पाण्याची बाटली नेहमी आसनाखाली राहते, कोणाच्या नाडीची गाठ सुटते. भिंगरीला उतरवताना ती "उडी!" म्हणायची, मगच भिंगरी उडी मारायची. पण आठवीच्या वर्गात ती अजूनही पाहुणीच होती. गाडीतले वर्गात पोहोचत नव्हते.

एका शुक्रवारी ती फार गप्प होती. दार उघडले, लावले, "उडी" म्हटले, पण आवाजात जीव नव्हता. कुणाच्या लक्षातही आले नाही. सगळे उतरल्यावर, पंपघराच्या रस्त्याला, ती काकांना म्हणाली, "काका, आज वर्गात चौघाचौघांचे गट पाडले. मी उरले. सर म्हणाले, जा कुठल्याही गटात, नाहीतरी तू किती दिवस असणार! सगळे हसले." मग ती म्हणाली, "ही माझी चौथी शाळा. दर ठिकाणी मोजून झालं की मी उरते."

काकांना खूप काही म्हणायचे होते. स्टिअरिंगवरचे त्यांचे हात घट्ट झाले ते मला कळले. पण माणूस घड्याळाचा, शब्दांचा नव्हे. ते एवढेच म्हणाले, "सोमवारी वेळेवर ये हं."

सोमवारी ती थांब्यावर नव्हती. काकांनी हॉर्न दिला. एक मिनिट झाले, दोन झाली, पाच झाली. शेवटी आजोबा हात पुसत बाहेर आले. "डोकं दुखतंय म्हणते," ते म्हणाले. मंगळवारी म्हणाले, "शाळाच नको म्हणते. जबरदस्ती कशी करू? महिनाअखेरीला आई येईल, घेऊन जाईल." बुधवारी त्यांनी लांबूनच नाही असा हात हलवला.

ते तीन दिवस माझ्या दाराने सगळ्यांचा छळ मांडला. वकिलाचे बोट सापडले. भिंगरी उतरायला तयार होईना. तिला उचलून खाली ठेवावे लागे. बुधवारी शेवटच्या थांब्यावरची मुले चढली आणि आम्ही शाळेच्या दिशेने निघालो, तेव्हा भिंगरीने मोठ्याने विचारले, "ताई मेली का?"

वकिलाने चमकून मागे पाहिले.

"काहीतरी बोलू नकोस," वकील म्हणाला.

"मग येत का नाही?"

वकील खिडकीबाहेर बघत राहिला. मग उठून काकांच्या मागे जाऊन उभा राहिला. "काका, शुक्रवारी सगळ्यांत आधी मी हसलो होतो," तो हळूच म्हणाला. "पाहुणी हे नावही मीच ठेवलं. गाडी वळवा ना."

"शाळा भरायला बारा मिनिटं आहेत. जाऊन यायला चाळीस लागतील."

"माहितीये."

काकांनी हात उलटा करून घड्याळ पाहिले. मग त्यांनी मला रस्त्याच्या कडेला उभे केले आणि फोन काढला. मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणत. शिस्तीला कडक म्हणजे कडक.

"बाई, गाडी आज उशिरा येईल."

"बिघडली का?"

"नाही, ठणठणीत आहे. एक मूल मागं राहिलंय."

मग बाई म्हणाल्या, "उशिराचा शेरा सगळ्यांच्या वहीत पडेल. मुलांना विचारा."

काकांनी विचारले. वकील लगेच म्हणाला, "एकाच्या वहीत पडला तर शिक्षा, सगळ्यांच्या पडला तर सहल!" कोणीच नाही म्हटले नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा आम्ही शाळेकडे पाठ फिरवली. चढावर मला दम लागला, पण त्या दिवशी मी कुरकुरले नाही.

पंपघराच्या अंगणात ती तेलाचे डबे पुसत बसली होती. हात कोपरापर्यंत काळे. आम्हाला पाहून ती उभी राहिली. वकील आणि भिंगरी खाली उतरले.

"तुम्ही इथं काय करताय? शाळा भरली असेल."

"भरलीय. आमच्याशिवाय," वकील म्हणाला.

"कशाला आलात?"

एरवी एका गोष्टीला दहा मुद्दे काढणारा वकील. त्याला एकही सुचेना. "दार उघडत नाहीये," तो म्हणाला.

तिने माझ्याकडे पाहिले. दार सताड उघडे होते आणि त्यातून सहासात डोकी बाहेर डोकावत होती.

"उघडंय की."

"मग... लागत नाहीये."

तिला हसू आले, पण तिने ते गिळले. तेव्हा भिंगरी पुढे झाली आणि तिच्या काळ्या हाताला धरून म्हणाली, "ताई, तू नसलीस की गाडीत खूप जागा होते. मला नाही आवडत."

"मी महिनाअखेर जाणारच आहे," ती म्हणाली, पण आता आवाज डगमगत होता.

"मग तोवर चल," वकील म्हणाला. "आमच्या गटात ये. तशी जागा नाही, चार झालेत. पण सरांशी मी वाद घालतो. ते माझ्यावर सोड." मग त्याने मान खाली घातली. "आणि... तुझं नाव काय? रोज हजेरीत ऐकतो, पण कधी लक्ष दिलं नाही. चुकलंच माझं."

तिने नाव सांगितले. वकिलाने ते दोनदा म्हणून पाहिले, पाठ करावे तसे. आजोबा दारात उभे होते. ते आत गेले आणि तिचे दप्तर घेऊन आले.

शाळेच्या फाटकात मोठ्या बाई स्वतः उभ्या होत्या. बावीस वह्या निघाल्या, बावीस शेरे पडले. तिच्या वहीत त्यांनी लिहिले, "उशिरा आली. पण आली." मग वही तिच्या हातात देताना म्हणाल्या, "दोन दिवस तुझ्या जागेकडे पाहत होते. मीच यायला हवं होतं."

आता मी तुम्हाला सांगितले की त्या वर्षी तिचा पहिला नंबर आला, तर तुम्ही म्हणाल, गाडीने थाप मारली. तसे काही झाले नाही. गणितात ती पुन्हा नापास झाली. फरक एवढाच, की या वेळी तिने पेपरची घडी घातली नाही. गाडीतच तो उघडून वकिलाला विचारले, "हे कुठं चुकलं?" दोघे तीन थांबे भांडले आणि उदाहरण सुटले. त्यांचा गट पाच जणांचा झाला. सर म्हणाले, चारच हवेत. पण वकिलापुढे कोणाचे चालते? महिनाअखेरीला आई न्यायला आली, तेव्हा मुलगी म्हणाली, "आई, मला इथंच राहू दे." आई तिच्याकडे बघतच राहिली. नंतर काकांना म्हणाली, "हिनं आजवर माझ्याकडे काही मागितलंच नव्हतं हो."

ती राहिली. दहावी झाली, पुढे यंत्रांचे शिक्षण घ्यायला गेली. गाडीत ती बडबडी झाली होती, हे सांगायचे राहिलेच. काका कधी कधी म्हणत, "बाई गं, पाच मिनिटं तरी गप्प बस!"

नंतर काका निवृत्त झाले आणि माझ्या जागी नवी गाडी आली. काही वर्षे मी भिंतीपाशी एकटीच होते. वेली चढल्या, उंदरांनी आसने कुरतडली, येणारे-जाणारे माझ्यात कचरा टाकत. मग एका उन्हाळ्यात मुलांनी मला झाडले, आत पुस्तकांची फळी लावली. मित्रांनो, जुन्या वस्तूंना लगेच भंगारात काढू नका. थोडी काळजी घेतली, तर आमच्याकडे अजून द्यायला पुष्कळ असते. आणि माणसांची काळजी तर त्याहून आधी घ्या. वर्गात, खेळात, डबा खाताना, कोण आले ते तर सगळेच बघतात. कोण आले नाही तेही बघा.

गेल्या आठवड्यात एक नवीन मुलगा माझ्यात येऊन बसला. मधली सुट्टी होती. बाहेर खेळ रंगला होता. तो पुस्तक उघडून बसला होता खरा, पण पान उलटत नव्हता. मी जुनी गाडी, मी काय करणार? तेवढ्यात दोन मुली धापा टाकत पायरी चढून आल्या आणि त्यातली एक म्हणाली,

"अरे, तू इथं आहेस होय? केव्हाचे शोधतोय आम्ही तुला!"

त्याने पुस्तक उघडेच टाकले आणि तो धावत सुटला.