पांढरी पाच

"ही बाई खोटी आहे," तीन नंबरच्या खाटेवरच्या आजी डोळे न उघडताच म्हणाल्या.

मी त्यांच्या हातातली सुई चिकटपट्टीने पक्की करत होते. मला वाटलं, रक्तदाब घसरला आणि आजी बरळायला लागल्या. पट्टा बांधून पाहिला तर दाब माझ्यापेक्षा चांगला. मग लक्षात आलं, त्या खिडकीतल्या टेपवर लागलेल्या गाण्याबद्दल बोलत होत्या.

टेप मिस्त्रींचा. आमच्या डायलिसिसच्या खोलीत सहा खाटा, सहा यंत्रं आणि ती सांभाळणारे हे एकटे. हुद्दा तंत्रज्ञाचा, पण खिशात सदा पाना आणि स्क्रूड्रायव्हर, म्हणून पहिल्याच आठवड्यात कुणीतरी मिस्त्री म्हणालं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. रोज सकाळी पहिला पेशंट यायच्या आधी ते प्रत्येक यंत्रातल्या रक्ताच्या पंपावर शाईचा ठिपका द्यायचे आणि स्टॉपवॉच धरून मिनिटाला किती फेरे होतात ते मोजायचे. आकडा पडद्यावर आपोआप दिसतो, कुणी मोजत नाही. मी चिडवायची, तर म्हणायचे, पडदा काय हो, त्याला सांगितलंय तेच तो सांगणार. एकोणीस वर्षांत एक सकाळ चुकली नाही.

टेप दुपारच्या पाळीला. चार तास माणूस खाटेला जखडलेला, छताकडे बघून बघून किती बघणार? मिस्त्री प्रत्येक नव्या पेशंटला दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला एकच प्रश्न विचारायचे, तुमच्याशिवाय कुणालाच आठवत नाही असं एखादं गाणं आहे का? लोक आधी हसायचे, मग आठवडाभराने हळूच सांगायचे. पाच नंबरच्या मास्तरांना शब्दच आठवेनात, त्यांनी नुसती शीळ वाजवून दाखवली. तेवढ्या शिळेवर मिस्त्रींनी भंगारवाले आणि बंद पडलेली दुकानं सात महिने पालथी घातली, तबकडी शोधली, घरी कॅसेटवर उतरवली आणि आणून लावली. त्या दिवशी मास्तर एवढे लाजले की मला त्यांचा ताप बघावासा वाटला.

मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. मी त्याचा कामापुरता उपयोग करून घेतला होता. सुई काढली की त्या जागी दहा मिनिटं बोट दाबून धरावं लागतं, नाहीतर रक्त थांबत नाही. घड्याळाकडे मान वळवण्यापेक्षा मी गाणी मोजायची. तीन गाणी झाली की बोट उचलायचं.

आजी नव्या होत्या. मिस्त्रींच्या प्रश्नाला, तसलं काही नाही हो माझं, म्हणून त्यांनी तोंड फिरवलं होतं. त्या दुपारी लागलेलं गाणं मिस्त्रींचं स्वतःचं लाडकं. त्याची तबकडी त्यांना एका सायकलवाल्याकडे पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून ठेवलेली सापडली होती. वर ओला पेला ठेवून ठेवून मधला कागद झिजला होता, नाव उडालं होतं. कॅसेटच्या डबीवर त्यांनी लिहिलं होतं, गायिका, आणि पुढे प्रश्नचिन्ह. अकरा वर्षं ते येईल त्याला विचारत होते, ही कोण?

ते स्टूल ओढून आजींपाशी बसले. "खोटी म्हणजे कशी?"

"गाणं माझं आहे. लग्नाआधी एकच तबकडी निघाली, तिच्यातलं." आजींनी आता डोळे उघडले. "पण ही मी नाही. लोकांना तेव्हा बाईचा आवाज बारीक हवा होता. माझा जाड. पेटीवरच्या पांढरी पाचमध्ये गायचे मी. जरा वर चढवू म्हणाले की मी उठून जायचे. म्हणून तर पुन्हा कुणी बोलावलं नाही. ही बाई शेजारच्या, अर्धा सूर वरच्या काळी चारला गातेय. तिथे मी कधी गेलेच नाही."

आणि त्यांनी ती ओळ गुणगुणून दाखवली. आवाज फाटका होता, दम पुरत नव्हता, पण टेपमधल्या बाईच्या खाली होता एवढं मलाही कळलं.

मिस्त्री उठले. दुसऱ्या दिवशी आले ते तोंडात मारल्यासारखा चेहरा घेऊन. पाण्याच्या टाक्यांमागे मला बोलावलं आणि सांगितलं. घरी तबकडीवर त्यांनी शाईचा ठिपका दिला होता, रोज सकाळी पंपाला देतात तसाच. स्टॉपवॉच लावून बसले. तीन मिनिटांत शंभर फेरे व्हायला हवेत, झाले एकशे सहा. फार वर्षांपूर्वी रेकॉर्ड प्लेअरच्या मोटरची पितळी पुली झिजली म्हणून त्यांनी लेथवर नवी करून घेतली होती. ती केसभर जाड होती, म्हणून तबकडी जोरात फिरायची आणि आवाज वर चढायचा.

"दिव्याखाली अंधार, सिस्टर," ते म्हणाले. "चारशे कॅसेट आहेत. चारशेच्या चारशे घाईत गातायत. माणसांनी विश्वासाने आपलं गाणं सांगितलं, आणि मी त्यांना भलत्याच कुणाचा आवाज ऐकवला."

मी म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. एकोणीस वर्षांत एकाच्या तरी लक्षात आलं का? आजींचं तेवढं गाणं दुरुस्त करा, बाकी कशाला खाजवून खरूज काढताय? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना पंपाचा आकडा खोटा लिहायला सांगत होते. मला माझीच लाज वाटली.

त्या दुपारी ते खाटेखाटेशी उभे राहिले आणि प्रत्येकाला सांगितलं, मी तुम्हाला आजवर चुकीचं ऐकवलं, सगळी गाणी पुन्हा उतरवून देतो. ज्या माणसाच्या कानावर सगळी खोली भरवसा ठेवून होती, तो आपण होऊन सांगत होता की माझा कान चुकला. एवढं धैर्य मी मोठ्या डॉक्टरांत पाहिलेलं नाही. मास्तर मात्र कुरकुरले. मला माझं चुकीचंच राहू द्या, आता सवय झालीय, म्हणाले.

"दोन्ही देतो," मिस्त्री म्हणाले. "पण खरं कुठलं ते डबीवर लिहीन."

पुली त्यांनी कानशीने घासली नाही, एका घावात जास्त जाईल म्हणून. पॉलिश पेपरने रोज थोडी थोडी उतरवली. सकाळी आले की मला आकडा सांगायचे. एकशे चार. एकशे दोन. शंभरावर एक. सहाव्या दिवशी आकड्याऐवजी त्यांनी खिशातून कॅसेट काढून टेपवर ठेवली.

आजींनी मुलीला आत बोलवायला सांगितलं. मुलगी, म्हणजे पन्नाशीची बाई, दर खेपेला बाहेरच्या बाकावर चार तास बसायची. आई कधी गात होती हे तिला ठाऊकच नव्हतं. तिला मास्क देऊन मी खाटेशी उभं केलं. मिस्त्रींनी बटण दाबलं.

गाणं तेच, आणि बाई वेगळी. जाड, सावकाश आवाज, कुणाला खूश करायची अजिबात घाई नसलेला. मला पहिल्यांदाच कळलं की लोक गाणं का ऐकतात.

"कोण गातंय?" मुलीने विचारलं.

"ऐक आधी," आजी म्हणाल्या.

मुलगी ऐकत राहिली. दुसऱ्या कडव्याला तिने खाटेचा दांडा धरला. "आई," ती म्हणाली, "तू मला दुपारी खेळातून घरी बोलवायचीस ना, तो आवाज आहे हा."

आजींनी मिस्त्रींकडे बघून मान हलवली. मिस्त्री खिडकीकडे वळून टेप पुसत बसले. त्यावर धूळ नव्हती.

पुढचे पाच महिने ते रोज घरी तीन-तीन कॅसेट पुन्हा उतरवत राहिले. दर गाण्यामागे दहा सेकंद वाढले, आणि माझं बोट दर पेशंटला अर्धं मिनिट जास्त दाबलेलं राहायला लागलं. हे मी आजींना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मिळतायत तर घ्यावेत. माझे दहा सेकंद एवढ्या वर्षांनी मला परत मिळाले."

पावसाळा सरता सरता त्या थकत गेल्या. शेवटच्या खेपेला सुई मीच काढली आणि बोट ठेवलं. तिसरं गाणं त्यांचं लागलं. मिस्त्री डबी हातात घेऊन उभे होते, प्रश्नचिन्ह खोडून त्यांनी तिथे आजींचं पूर्ण नाव लिहिलं होतं, माहेरचं. त्यांनी ती आजींसमोर धरली. आजींनी वाचलं आणि डोळे मिटले.

गाणं संपलं. रक्त केव्हाच थांबलं होतं. मिस्त्रींनी कॅसेट मागे फिरवली आणि तेच गाणं पुन्हा लावलं. मी बोट उचललं नाही.